नदीच्या उभ्या लाटेवर कयाक सर्फिंग: ट्रिप ठरवण्यापासून लाटेवर बसेपर्यंत सगळं

समुद्राची लाट दुरून येते, काठाला फुटते आणि संपते. नदीची लाट एकाच जागी उभी असते आणि पाणी तिच्यातून वाहून जात असतं, त्यामुळे कयाक, म्हणजे एकट्याने बसून वल्हवायची छोटी बोट, घेऊन एकदा तिच्या उतारावर नीट बसलात की खालून पाणी सुसाट पळत असतं, कानात नुसती त्याची गाज असते आणि काठावरचं झाड मात्र डोळ्यासमोरून हलत नाही. हे ज्याने एकदा अनुभवलं तो पुन्हा पुन्हा त्याच नदीवर जातो, मीही त्यातलाच. पण पहिल्या ट्रिपला बरेच जण ट्रिक्सचे व्हिडिओ बघण्यात सगळा वेळ घालवतात आणि दोन गोष्टी बघायच्या राहून जातात, पाण्याची लेव्हल आणि लाटेच्या खालच्या अंगाला काय आहे ते. माझ्या मते ट्रिप चांगली होणार की वाया जाणार हे या दोन गोष्टींवरच ठरतं, म्हणून लेखात त्यांना जागा पण जास्त दिलीये.

आधी एक स्पष्ट सांगतो. हा लेख कयाक चालवता येणाऱ्यांसाठी आहे. ग्रेड ३ च्या, म्हणजे मध्यम अवघड खळाळत्या पाण्यात तुम्ही आरामात उतरता, एका एडीतून (काठाच्या किंवा खडकाच्या आडोशाचं उलटं वाहणारं पाणी) दुसऱ्या एडीत जाता येतं आणि उलटलात तर रोल मारून स्वतः वर येता, एवढं असेल तर पुढे वाचा आणि लगेच तारखा बघायला लागा. नसेल तर पण वाचा, पण आधी एखाद्या चांगल्या कोचकडे शिकून घ्या, लाट कुठे पळून जात नाही.

लाट उभी राहते ती का

हे समजून घेतलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं. नदीच्या तळाशी कातळाची पायरी असते किंवा दोन्हीकडचे काठ जवळ येऊन पात्र अरुंद होतं, तिथे पाणी उथळ आणि वेगवान होतं, आणि लगेच पुढे पात्र खोल असतं, तिथलं पाणी संथ असतं. वेगाने आलेलं पाणी या संथ पाण्यावर आदळतं, त्याला पुढे तेवढ्या वेगाने जायला जागा मिळत नाही आणि ते वर चढतं. याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. घरातल्या सिंकमध्ये नळ सोडून बघा, धार पडते तिथे पाण्याचा पातळ गोल पसरतो आणि मग एका कड्यापाशी पाणी अचानक जाड होतं, तोच प्रकार, फक्त नदीवर तो माणसापेक्षा उंच असू शकतो.

लाटेच्या भागांची नावं माहीत हवीत कारण पुढे तीच वापरणार आहे. सगळ्यात खालचा भाग म्हणजे खळगा, तिथून वर चढत जातो तो उतार, सगळ्यात वर शेंडा, शेंड्यावर पाणी फुटून पांढरं होतं तो फेस, आणि दोन्ही कडांना लाट उतरत जाते ते खांदे. फेस नसलेली गुळगुळीत लाट असेल तर तिला ग्रीन वेव्ह म्हणतात, ती सर्फ करायला मस्त पण तिच्यावर टिकून राहणं अवघड कारण मागून धरून ठेवणारं काही नसतं. थोडा फेस असलेली लाट शिकायला सगळ्यात चांगली, फेस बोटीला मागून उशीसारखा टेकू देतो. आणि लाट पूर्ण कोसळून पाणी उलटं मागे फिरत असेल तर ते होल. होलमध्ये पण फ्रीस्टाइल, म्हणजे बोटीच्या कसरती, खेळतात पण त्याची तंत्रं वेगळी आणि धोके पण वेगळे, त्यामुळे पहिल्या ट्रिपला लाटच निवडा.

आता गंमत अशी की ही लाट, होल आणि सपाट पाणी हे तिन्ही एकाच जागी होऊ शकतं. पाणी कमी असताना तिथे होल असतं, पाणी चढलं की त्याची लाट होते, अजून चढलं की ती धुऊन जाते आणि तिथे लाट होती हे सांगूनही पटत नाही. म्हणून कयाकर लोक जागा विचारतात त्याच्या आधी लेव्हल विचारतात.

लेव्हल वाचायला शिका

नदीवर गेज, म्हणजे पाणी मोजायची साधनं, बसवलेली असतात आणि बऱ्याच देशांत त्यांचे आकडे ऑनलाइन दिसतात. आकडा दोन प्रकारे येतो. एक म्हणजे विसर्ग, दर सेकंदाला किती पाणी जातंय, क्युसेकमध्ये (घनफूट) किंवा क्युमेकमध्ये (घनमीटर). एक क्युमेक म्हणजे साधारण ३५.३ क्युसेक, हा हिशोब पाठ असू द्या, कारण एक माणूस सांगतो लाट दोनशेला चालते आणि दुसरा सांगतो सात हजाराला, आणि दोघं एकच पाणी सांगत असतात. दुसरा आकडा म्हणजे उंची, फुटात किंवा मीटरमध्ये, ही उंची फक्त त्याच गेजपुरती खरी असते, एका नदीवरचे चार फूट आणि दुसऱ्या नदीवरचे चार फूट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मग शोधायचं असतं ते त्या लाटेचं विंडो, म्हणजे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती पाण्यात ती चालते. तिथल्या कयाकर्सना विचारा, आणि विचारताना नुसतं चालते का असं विचारू नका. नवशिक्याला कुठली लेव्हल चांगली, कुठल्या लेव्हलला एडी खराब होते, कुठल्या लेव्हलला जाऊच नये, असं विचारा. बऱ्याच लाटांचं असं असतं की लाट सगळ्यात मोठी आणि सुंदर असते तेव्हाच तिच्याकडे परत जायची एडी गायब झालेली असते, मग एका राइडनंतर बोट खांद्यावर घेऊन काठाने चालत या, आणि पोहावं लागलं तर खूप लांब पोहा.

पाणी येतं कुठून यावर तारखा ठरवा. बर्फ वितळून येणाऱ्या नद्यांना वसंतात मोठं पाणी असतं आणि दिवसभरात पण फरक पडतो, ऊन असताना बर्फ वितळतो पण ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, त्यामुळे कुठे लाट संध्याकाळी उत्तम असते तर कुठे पहाटे. पावसाच्या नद्यांचा भरवसा कमी, एका रात्रीत चढतात आणि दोन दिवसांत उतरतात. धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालणाऱ्या लाटांना वेळापत्रक असतं, पण वेळापत्रक बदलू शकतं आणि पाणी अचानक वाढू शकतं, म्हणून काठावर बोटी आणि बॅगा पाण्याच्या कडेला ठेवायच्या नाहीत, आणि एखादा दगड खूण म्हणून धरून ठेवा, तो बुडायला लागला की सगळ्यांना बाहेर बोलवा. गेज लाटेपासून लांब असेल तर गेजवरचं पाणी लाटेपर्यंत यायला किती वेळ लागतो हे पण विचारून ठेवा.

तीन जागांची उदाहरणं देतो म्हणजे कळेल फरक किती असतो. कॅनडातल्या ओटावा नदीवर बस ईटर ही प्रचंड लाट वसंतातल्या मोठ्या पाण्यात उभी राहते, आणि त्याच नदीवरची गार्बुरेटर, जिच्यावर २०१५ ची फ्रीस्टाइलची जागतिक स्पर्धा झाली, ती वेगळ्या लेव्हलची. म्हणजे एकाच नदीवर दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या ट्रिप. युगांडात व्हाइट नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून निघते, त्यामुळे तिथे वर्षभर पाणी भरपूर आणि कोमट, नाईल स्पेशल ही तिथली नावाजलेली लाट, पण त्या नदीवर धरणं झाली आणि बुजागालीचे प्रसिद्ध रॅपिड्स, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, पाण्याखाली गेले, त्यामुळे जुन्या व्हिडिओवर विसंबून तिकीट काढू नका, आत्ता काय परिस्थिती आहे ते विचारा. तिसरी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची स्कूकमचक, ही नदी नाहीच, समुद्राची खाडी आहे, भरतीचं पाणी अरुंद तोंडातून आत शिरताना तिथे लाट उभी राहते, मोठ्या भरतीला पाण्याची ओढ १६ नॉटच्या म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या पुढे जाते. तिचं वेळापत्रक भरतीच्या तक्त्यात आधीच छापलेलं असतं. पण ती नवशिक्यांची जागा नाही हे पण सांगतो, लाटेच्या पुढे तिथे मोठे भोवरे आहेत.

ट्रिप किमान पाच सहा दिवसांची ठेवा. पाणी एक दोन दिवस इकडे तिकडे झालं तरी हाताशी दिवस राहतात, आणि शरीराला मध्ये एक दिवस पूर्ण सुट्टी लागतेच. सोबत किमान दोन जण हवेत, तीन असाल तर उत्तम, एकट्याने लाट सर्फ करायला जाऊ नका, कितीही ओळखीची असली तरी.

बोट आणि बाकी सामान

फ्रीस्टाइल कयाक लहान असते, साधारण पावणेदोन ते दोन मीटर लांब, तळ सपाट आणि कडा धारदार. सपाट तळामुळे ती पाण्यावर घसरते, कडांमुळे वळते. मॉडेलपेक्षा साइज महत्त्वाची, तुमच्या वजनाला बसणारी घ्या. मोठी घेतलीत तर कड पाण्यात घालायला जोर पुरत नाही, लहान घेतलीत तर बोट बुडाल्यासारखी चालते आणि तिचं नाक, म्हणजे पुढचं टोक, सारखं पाण्यात जातं. शांत पाण्यात बसून मित्राला बाजूने बघायला सांगा, पुढचं आणि मागचं टोक सारखंच पाण्यात आहे का, नसेल तर सीट पुढे मागे करा. एवढ्या एका गोष्टीने लाटेवर फार फरक पडतो आणि लोक ते करतच नाहीत.

आत बसल्यावर बोट तुमच्या कंबरेला कपड्यासारखी बसली पाहिजे. पायाखाली फोमचा ब्लॉक, दोन्ही बाजूंना हिप पॅड, मागे बॅकबँड, गुडघे थाय ब्रेसमध्ये (मांड्या धरून ठेवणारे आधार). कंबर हलवली की बोट लगेच हलली पाहिजे. पण पाय मुंग्या येऊन बधिर होत असतील तर फोम कमी करा, आणि गरज पडली तर पटकन बाहेर येता आलं पाहिजे, हे शांत पाण्यात चार पाच वेळा करून बघा. स्प्रे डेकची, म्हणजे कंबरेला घालून बोटीचं तोंड झाकायच्या आवरणाची, पुढची पट्टी बाहेर राहिलीय ना हे दर वेळी बोटाने चाचपून बघायचं, मी दर वेळी मोठ्याने बोलून बघतो, कारण ती आत राहिली आणि उलटलात तर डेक काढणं फार कठीण. मागच्या टोकात हवेच्या पिशव्या भरा, बोटीत पाणी शिरलं तरी ती तरंगते आणि ओढून आणता येते.

वल्हं नेहमीपेक्षा थोडं आखूड चालतं. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं. लाइफ जॅकेट घट्ट, खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत यायला नको, आणि लक्षात ठेवा की फेसाळ पाण्यात अर्धी हवाच असते, तिथे जॅकेट तुम्हाला शांत पाण्याइतकं वर धरत नाही. शिटी, छोटी चाकू, आणि १५ ते २० मीटर दोराची थ्रो बॅग (पोहणाऱ्याकडे फेकायची दोराची पिशवी) प्रत्येकाकडे.

कपडे हवेप्रमाणे नाही, पाण्याप्रमाणे घालायचे. बर्फाच्या नदीवर वर कडक ऊन असतं आणि पाणी हाड गोठवणारं. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट नुसती धाप लागते, श्वास ताब्यात येत नाही, साधारण दहा मिनिटं हातपाय नीट काम करतात आणि मग बोटं वळेनाशी होतात. म्हणून थंड पाण्याला ड्रायसूट किंवा जाड वेटसूट, वाद नाही. कानात प्लग घाला, थंड पाणी आणि वारा वर्षानुवर्षं लागून कानाच्या नळीत हाड वाढतं, सर्फर आणि कयाकर दोघांना हा त्रास होतो. नाकाला क्लिप, दिवसभर नाकातून पाणी गेलं की रात्री डोकं भणभणतं. आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यात जाणार असाल तर गोगलगाईंमुळे पसरणाऱ्या बिलहार्झिया या परजीवी रोगाबद्दल डॉक्टरांशी आधी बोला.

जायच्या आधीची तयारी

रोल दोन्ही बाजूंनी यायला हवा. स्विमिंग पूलमधला एकदा जमलेला रोल वेगळा आणि खळाळत्या पाण्यात, डोळे मिटलेले, दम लागलेला असताना मारलेला रोल वेगळा. सरावाला मित्राला सांगा की मला न सांगता उलटव, वल्हं चुकीच्या जागी असताना उलटव, उलटल्यावर दहापर्यंत आकडे मोजून मग रोल मारा. लाटेवर उलटलात की लगेच घाई करायची नाही, पुढे वाकून डोकं बोटीच्या जवळ ठेवायचं, एक दोन सेकंदात पाणी तुम्हाला लाटेवरून ओढून मागे नेतं, मग रोल सोपा जातो.

खांद्यांची काळजी घ्या. या खेळात खांदा निखळणं ही नेहमीची दुखापत आहे आणि ती बहुतेक एकाच कारणाने होते, हात डोक्याच्या वर किंवा पाठीमागे गेलेला असताना पाण्याचा झटका बसतो. हात कायम छातीच्या समोर, कोपर खाली, आणि मागे वल्हं मारायचं असेल तर हात मागे न नेता अख्खं धड वळवायचं. शांत पाण्यात हे अंगवळणी पाडा, लाटेवर विचार करायला वेळ मिळत नाही.

पोचल्यावर आधी काठावर चाला

बोट गाडीवरून उतरवायच्या आधी लाटेपासून खालच्या अंगाला चालत जा, निदान दोन तीनशे मीटर. तुम्ही आज पडणार आहात, पोहणार पण आहात, मग पोहत कुठे जाणार ते आधी डोळ्याने बघा. खाली लांब डोह आहे का, की लगेच दुसरा रॅपिड. पाण्यात अडकलेलं झाड आहे का. पाणी झाडातून गाळून जातं पण माणूस अडकतो, असं झाड पोहण्याच्या वाटेत असेल तर त्या दिवशी ती लाट सोडून द्या. कातळाखाली पोकळी आहे का, पाणी खडकाला आपटून परत फिरत असेल तर बरं, आदळूनही फेस न येता सरळ आत जात असेल तर संशय घ्या. आणि नदीवर आडवा सरळ बंधारा असेल, ज्याच्याखाली एकसारखा पांढरा पट्टा काठापासून काठापर्यंत दिसतो, त्याच्या जवळ पण जाऊ नका. दिसायला तो छोटा आणि निरुपद्रवी दिसतो पण खालचं पाणी उलटं फिरत राहतं आणि माणसाला बाहेर यायला कुठे फटच नसते.

मग लाटेसमोर अर्धा तास बसा. दुसरे लोक कुठून शिरतात, कुठे पडतात, पडल्यावर कुठल्या एडीत येतात. लाट एकसारखी असते की श्वास घेतल्यासारखी मोठी लहान होते. खांदा कुठला सोपा. तळाला खडक किती खोल, हे तिथल्या माणसाला विचारा, उथळ असेल तर उलटल्यावर तोंड पुढे वाकवून ठेवणं अजूनच गरजेचं.

एक जण खालच्या एडीच्या वर थ्रो बॅग घेऊन उभा राहील असं ठरवा आणि खुणा ठरवा. वल्हं उभं धरलं तर ये, आडवं धरलं तर थांब, डोक्यावर हात ठेवला तर मी ठीक आहे, तीन शिट्ट्या म्हणजे मदत. नदीचा डावा उजवा हा नेहमी पाणी जातंय त्या दिशेला तोंड करून मोजतात, सगळ्यांच्या डोक्यात हे एकच असू द्या.

लाटेवर शिरायचं कसं

नवशिक्यांचा पहिला दिवस इथेच जातो, आणि तो जाऊ द्यावा. लाटेवर बसल्यावर काय करायचं हे नंतर येतं, आधी तिच्यावर पोचता आलं पाहिजे.

लाटेच्या बाजूला एडी असेल तर तिच्यात वरच्या टोकापर्यंत या. एडी म्हणजे काठाच्या किंवा खडकाच्या आडोशाला उलटं वर वाहणारं पाणी, तेच तुम्हाला फुकटात वर आणून सोडतं. बोटीचं नाक जवळजवळ सरळ वरच्या अंगाला, जिथून पाणी येतंय तिकडे, अगदी थोडं नदीच्या मध्याकडे कललेलं. फार आडवं ठेवलंत तर ओढ नाक पकडते, बोट गर्रकन खाली वळते आणि तुम्ही लाटेच्या मागे. एडी आणि धारेच्या मधली रेष ओलांडताना बोट खालच्या अंगाला किंचित कलती करा, म्हणजे जिकडून पाणी येतंय त्या बाजूची कड वर राहील. जोरात दोन तीन वल्ही, नजर शेंड्यावर नको, खळग्यावर ठेवा. बोट खांद्यावरून घसरून खळग्याकडे जायला लागली की तुम्हाला कमरेत कळतं, ओढ एकदम थांबल्यासारखी वाटते आणि बोट हलकी होते. तिथे वल्हं मारणं बंद करा आणि वल्ह्याचं पातं मागे पाण्यात टाकून सुकाणू करा.

सारखे लाटेच्या मागे पडत असाल तर तीनपैकी एक कारण असतं. एडीतून खूप खालून निघताय, नाक जास्त आडवं आहे, किंवा शेवटचं वल्हं मारायच्या आत सुकाणू टाकलंत, त्याने ब्रेक लागतो. मला हे तिसरं कारण सगळ्यात जास्त दिसतं.

एडी नसलेल्या लाटांवर वरून वाहत यावं लागतं. तोंड वरच्या अंगाला, पाठ लाटेकडे, खांद्यावरून मागे बघत हळूहळू वल्हं मारत बोटीचा वेग कमी ठेवायचा, लाटेच्या बरोबर मध्यावर रेष साधायची आणि खळगा बोटीखाली आला की चार पाच वल्ही जीव लावून पुढे मारायची. चान्स एकच असतो, हुकला की खाली. काही ठिकाणी वरच्या काठाला दोर बांधलेला असतो, तो धरून लाटेवर सरकत येतात आणि मग सोडतात. असा दोर फक्त हातात धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही, बोटीला किंवा अंगाला बांधायचा तर अजिबात नाही.

बसलात, आता टिकून राहा

सरळ सर्फमध्ये दोनच गोष्टी बिघडतात. बोट घसरत खळग्यात जाते आणि नाक समोरून येणाऱ्या पाण्यात घुसतं, किंवा बोट मागे मागे जात शेंड्यावरून सुटते. घसरत असाल तर अंग जरा मागे घ्या आणि बोटीला थोडा कोन द्या, तिरकी चालली की उतार कमी होतो आणि नाक वाचतं. मागे जात असाल तर पुढे वाका, छाती डेककडे, लागलं तर एक वल्हं. हे पुढे मागे सतत चालू राहतं, हळूहळू आपोआप व्हायला लागतं.

मग डावीउजवीकडे जायला शिका. उजवीकडे जायचंय तर उजवीकडे मागे पातं टाकून बोटीपासून बाहेर ढकला आणि बोट उजवीकडे कलती करा, नजर पण तिकडेच. यात एक नियम रक्तात भिनला पाहिजे, जिकडून पाणी येतंय त्या बाजूची कड कधीही पाण्यात जाऊ द्यायची नाही. गेली तर पाणी तिच्यावर चढतं आणि कळायच्या आत तुम्ही उलटे. वळताना आतल्या बाजूला कलती केली की वरच्या अंगाची कड आपसूक उचलली जाते, म्हणूनच कलणं आणि वळणं एकत्र शिकायचं.

या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सलग आठ दहा वेळा न पडता जाता आलं की मगच ट्रिक्सकडे या. खरं सांगायचं तर मला अजूनही नुसतं असं इकडून तिकडे जाण्यात सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

पहिल्या ट्रिक्स

सुरुवात फ्लॅट स्पिनने करा. बोट लाटेच्या वरच्या भागात आणा, खळग्यात स्पिन सुरू केला तर टोक घुसतं. घसरायला सुरुवात होते त्या क्षणी तळ सपाट ठेवून एक मोठा स्वीप (वल्हं बाजूने अर्धगोल फिरवायचं), डोकं आधी वळवा, खांदे डोक्यामागून आणि बोट खांद्यांमागून येते. आडवं होताना वरच्या अंगाची कड जराशी वर. अर्ध्या स्पिनला तुम्ही उलटे तोंड करून सर्फ करताय, आता मागचं टोक पाण्यात घुसायचा धोका, म्हणून अंग पुढे, म्हणजे बोटीच्या नाकाकडे घ्या आणि खांद्यावरून खळग्याकडे बघा. उलट्या सर्फमध्ये थोडं थांबायला शिका, घाईने पुढचा अर्धा स्पिन मारायला गेलात की लाट सुटते.

त्यानंतर बाउन्स. शेंड्याजवळून खाली येताना नाक दाबून सोडलं की बोट उसळते, आणि लाटेच्या लयीत जुळलं की दुसऱ्या तिसऱ्या उसळीला तळ पाण्यापासून सुटतो. हे जमलं की ब्लंट येतो, म्हणजे वेगात तिरकं जाताना उसळीवर बोट कडेवर आणून मागचं टोक वरून फिरवायचं आणि उलट्या सर्फमध्ये उतरायचं. ब्लंट नदीवर दुसऱ्याचा बघून आणि कोचने बाजूला उभं राहून शिकवल्यावरच नीट येतो, लिहून तेवढा सांगता येत नाही. पुढे एअरस्क्रू, पॅन ॲम, हेलिक्स असं खूप आहे, स्पर्धेत ४५ सेकंदांच्या एका राइडमध्ये लोक हे सगळं बसवतात. पहिल्या ट्रिपला दोन्ही बाजूंचा स्पिन पक्का झाला तरी ट्रिप भरपूर झाली.

पडल्यावर

रोल हुकला, दुसराही हुकला, तर डेक ओढा आणि बाहेर या, यात काही कमीपणा नाही. पाठीवर झोपा, पाय खालच्या अंगाला आणि पाण्याच्या वर. कितीही उथळ वाटलं तरी वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकला की ओढ तुम्हाला पुढे पाडते आणि पाण्याखाली दाबून ठेवते. एडी जवळ आली की पालथे होऊन जीव तोडून पोहा. दोर आला तर दोर धरा, पिशवी नाही, छातीशी धरून पाठीवर राहा. दोर टाकणाऱ्याने हाताला गुंडाळायचा नाही. पुढे झाडाचा अडथळा आलाच आणि टाळता येत नसेल तर तिथे पाठीवर राहायचं नाही, डोकं पुढे करून त्याच्यावर पोहत जायचं आणि अंग झोकून वर चढायचं. आधी माणूस, मग बोट, वल्हं सगळ्यात शेवटी.

रांग आणि रीत

एडीत रांग असते, आपला नंबर येईपर्यंत थांबा. वरून वाहत येणाऱ्यांना आधी जाऊ द्या, त्यांना थांबता येत नसतं. राइड लांबली आणि रांग मोठी असेल तर स्वतःहून सोडा. कोणी पोहत असेल तर रांग वगैरे विसरून सगळे त्याच्याकडे. बोर्डवाले पण त्याच लाटेवर येतात, त्यांच्याशी गोड बोलून पाळी ठरवा, लाट सगळ्यांचीच.

एक सेशन दीड ते दोन तासांचं पुरे, दिवसाला दोन. अंगात अजून दोन चांगल्या रोलएवढी ताकद शिल्लक असतानाच बाहेर या, दुखापती बहुतेक अजून एकच राइड म्हणताना होतात. बाहेर आल्यावर कोरडे कपडे आधी, गप्पा नंतर. आणि रोज रात्री वहीत लिहून ठेवा, गेजचा आकडा, वेळ, लाट कशी होती, फेस किती, एडी सोपी होती की नव्हती, आणि काठावरचा कुठला दगड किती बुडाला होता. पुढच्या वर्षी घरी बसून गेज बघताना त्या दगडाची नोंद वाचली की लाट डोळ्यासमोर उभी राहते आणि निघायचं की थांबायचं हे दोन मिनिटांत ठरवता येतं.